सगळे पसंत, उत्तम सोडून

हिंगोली,
१८ मार्च

माझा बाकसोबती, जवळा बाजारच्या शाळेत माझ्या पाटीवर स्वतःची गणितं सोडवणारा आणि सध्या माझा फोन न उचलणारा मित्र जळबा यास रविंद्रचा सप्रेम जयभीम.

तुझा गुडघा कसा आहे? चाकणला कंपनीच्या गेटवर उभं राहून पुन्हा सुजला असेल, तर एरंडाचं पान गरम करून बांधत जा आणि साहेबाला सांगून एक खुर्ची मागून घे. खुर्ची मागण्यात कमीपणा नाही. वहिनींची शुगर आता बराबर आहे का? त्यांना म्हणावं, चहात साखर घेणं सोडलं तरी बिस्किटातली साखर मोजावी लागते. नातू बोलायला लागला असेल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (सगळे म्हणजे मी, शिला आणि राणी, तिघंच. पण 'सगळे' हा शब्दच किती जोखमीचा आहे ते पुढे कळेल.)

आता तू म्हणशील, जमाना मोबाईलचा असून हा पत्र काहून लिहून राहिला. लेका, मागच्या महिन्यापासून मी तुला सतरा वेळा फोन केला. त्यातले सोळा तू कापले आणि सतराव्याला कुणीतरी हिंदीत सांगितलं की जळबाभाऊ ड्यूटीवर आहेत. तो आवाज तुझाच होता. व्हॉट्सअॅपवर तर तू मला बंदच करून टाकलंस. पोस्टमन मात्र तुला बंद करता येत नाही, म्हणून हा मार्ग धरला. पत्र वहिनी मोठ्याने वाचतील, शेजारच्या बायाही ऐकायला बसतील, त्यामुळे तुला माहीत असलेलंही सगळं पहिल्यापासून लिहितो. त्या बायांना तरी कळू दे की चूक कुणाची होती. (माझीच होती. पण ती कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे.)

तर बायांनो, मी रविंद्र. हिंगोलीत माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट आहे. पुढच्या खोलीत सहा कॉम्प्युटर, त्यातले चार चालतात. मधे पडदा, आणि पडद्यामागे माझ्या धाकट्या बहिणीचं, शिलाचं, ब्लाउज शिवायचं दुकान. नाव 'शिला शिलाई सेंटर'. हे नाव मीच सुचवलं आणि त्याबद्दल मला अजून कुणी शाबासकी दिलेली नाही. शिलाचा नवरा गेला त्याला पाच वर्षं झाली. तेव्हा राणी तीन वर्षांची होती, आता तिसरीत आहे. दोघी माझ्याकडे आल्या त्या दिवसापासून आमच्या घरात पुढच्या खोलीत कीबोर्डची टकटक आणि मागच्या खोलीत मशीनची खडखड, असा बारा तासांचा बँड चालतो. या पाच वर्षांत शिलासाठी चार स्थळं आली. चौघांनीही चहा घेतला, पोहे खाल्ले आणि शेवटी एकच गोष्ट विचारली, की लेकरू मामाकडंच राहील ना? शिला उठून आत जायची आणि मशीन सुरू करायची. पाहुण्यांना वाटायचं कामसू आहे. मला कळायचं की निकाल लागला.

मग तू पुसेगावचं स्थळ आणलंस. वहिनींच्या नात्यातलं. मुलगा उत्तम, शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी नव्याने तार भरून दुरुस्त करतो, बायको सात वर्षांपूर्वी आजारात गेली, मूलबाळ नाही, घरी आई-वडील आणि चार एकर हळद. तू फोनवर म्हणालास, पोरगं लाखात एक आहे, फक्त बोलताना अडखळतं, तेवढं सांभाळून घ्या. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी उत्तम, त्याचे वडील सटवाजीमामा आणि आई चतुराबाई आमच्याकडे आले. पाऊण तास आम्ही मोठी माणसं बोलत होतो आणि उत्तम भिंतीकडे बघत गप्प बसला होता. मी मनात म्हणालो, हे पाचवं. तेवढ्यात तो शिलाच्या मशीनकडे बोट दाखवून म्हणाला की त्याची म-मोटार गरम होऊन राहिली, आतली कॉइल जाईल, आठ दिवस चालवू नका. बस्स, तेवढंच बोलला. लेकराचा विषय त्याने काढला नाही आणि त्याच्या आई-बापानेही काढला नाही. ते गेल्यावर शिला भांडी आवरता आवरता म्हणाली, "दादा, हो म्हणून कळव."

जळबा, पाच वर्षांत पहिल्यांदा तिने हे म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी तिथेच 'हो' म्हणून फोन लावला असता तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण मला वाटलं, एवढी मोठी गोष्ट, ती फोनवर काय सांगायची? आणि मराठीत 'मुलगा पसंत आहे' असं लिहिलं तर ते मेथीची जुडी पसंत आहे असं वाटतं. इंग्रजीत लिहिलं की वजन पडतं. पुसेगावच्या लोकांना कळलं पाहिजे की पोरगी कुण्या ऐऱ्यागैऱ्याची बहीण नाही, इन्स्टिट्यूटच्या मालकाची आहे.

इथे एक गोष्ट कबूल करतो, जी मी माझ्या विद्यार्थ्यांनाही कधी सांगितली नाही. टायपिंग येणं वेगळं आणि इंग्रजी येणं वेगळं. मी मिनिटाला पन्नास शब्दांच्या वेगाने असे शब्द मारतो की ज्यांची माझी जन्मात ओळख झालेली नाही. कंडक्टर दिवसाला पाचशे माणसं गाडीत चढवतो, कुणाला नाव-गाव विचारतो का? तसंच माझं. कोणतं बोट कुठे जातं ते मला झोपेतही सांगता येईल. त्या शब्दाचा अर्थ काय, हे विचारणारा आजवर कुणी भेटला नव्हता.

तर मी लेटरहेड घेतलं, वर इन्स्टिट्यूटचं नाव, खाली शिक्का, आणि छापलं: रिस्पेक्टेड सर, वुई ऑल एक्सेप्ट उत्तम. प्लीज कम विथ फॅमिली ऑन संडे फॉर फर्दर नीडफुल. युवर्स फेथफुली. सही केली, फोटो काढला आणि उत्तमच्या फोनवर पाठवून दिला. शिलाला वाचून दाखवलं. तिला इंग्रजी कळत नाही, पण शिक्का बघून ती म्हणाली की फारच सरकारी वाटून राहिलं. मी म्हणालो, तेच तर पाहिजे.

आता पुसेगावला काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुला इथेच सांगतो, नाहीतर तुझा गोंधळ होईल. उत्तमचं इंग्रजी माझ्याइतकंच, फक्त तो माझ्यापेक्षा शहाणा असल्यामुळे त्याला ते माहीत आहे. त्याने पत्राचा फोटो फोनमधल्या भाषांतराच्या यंत्रात टाकला आणि आई-बापाला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. फोनमधली बाई स्वच्छ मराठीत म्हणाली: आदरणीय महोदय, आम्ही सर्व, उत्तम वगळता. कृपया रविवारी कुटुंबासह या.

चतुराबाईंनी ते तीनदा लावायला सांगितलं. तिन्ही वेळा ती बाई तेच म्हणाली.

कारण असं आहे जळबा, की इंग्रजीत दोन शब्द आहेत. ऐकायला सख्खे भाऊ, वागायला सख्खे भाऊबंद. एक सुरू होतो ए-सी-सी ने, त्याला मी सी-वाला म्हणतो. त्याचा अर्थ घेणं, पत्करणं, पसंत करणं. दुसरा सुरू होतो ई-एक्स-सी ने, तो एक्स-वाला. त्याचा अर्थ वगळून, सोडून. म्हणजे तू चहा घेतलास तर तिथे सी-वाला. सगळ्यांनी चहा घेतला, जळबा सोडून, तर तिथे एक्स-वाला. आपण हिंगोलीत दोन्ही एकाच तोंडाने एकसारखेच बोलतो, आणि माझ्या बोटांना पहिल्यापासून एक्स-वाल्याची सवय. मी छापलं होतं की आम्ही सगळ्यांनी उत्तमला पत्करलं. तिकडे वाचलं गेलं की सगळे चालतील, उत्तम सोडून. आणि वरून रविवारी कुटुंबासकट बोलावणं, म्हणजे ज्याचं लग्न त्याला घरी ठेवून बाकीच्यांनी जेवायला या.

चतुराबाई म्हणाल्या की हा अपमान आहे, जायचं नाही. सटवाजीमामा म्हणाले की माणसाने शिक्का मारून बोलावलंय, काही कारण असेल, ते त्यांच्या तोंडून ऐकू. आणि उत्तमला कारण माहीत होतं. त्याला वाटलं, आपण अडखळतो म्हणून.

रविवार उजाडला. मी पुढच्या खोलीतले कॉम्प्युटर भिंतीला सरकवून सतरंजी अंथरली, शिलाने पुरणाचा घाट घातला, राणीला नवा फ्रॉक. अकरा वाजता सटवाजीमामा आणि चतुराबाई आले. दोघंच. चतुराबाईंच्या मांडीवर कापडी पिशवी, ती त्यांनी खाली ठेवलीच नाही. मी दारातून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आणि विचारलं की उत्तमराव आले नाहीत?

सटवाजीमामा म्हणाले, "त्याला सोडून आलो."

मला वाटलं, एस.टी. स्टँडवर सोडलं असेल, किंवा कामावर सोडलं असेल. पाहुण्यांची पंचाईत होऊ नये म्हणून मी लगेच म्हणालो, "बराबर केलं. काय हरकत न्हाई."

चतुराबाईंचा चेहरा एकदम उतरला. तेव्हा मला कळलं नाही की का. एका आईला मी तिच्या तोंडावर सांगितलं होतं की तुमचं पोरगं आणलं नाही ते बरंच केलं.

पुढचे दोन तास, जळबा, मी आयुष्यात विसरणार नाही. ते वाट बघत होते की आम्ही कारण सांगू. आम्ही वाट बघत होतो की ते कारण सांगतील. मला वाटलं, मुलगा आला नाही याचा अर्थ त्याने नाही म्हटलं आणि बापाला सांगायला पाठवलं. कुणीच कुणाला विचारीना, कारण दोन्हीकडची माणसं सभ्य. मग सभ्य माणसं जे करतात ते आम्ही केलं. हळदीवर बोललो. कुकरमध्ये शिजवलेली हळद आणि कढईत शिजवलेली हळद यांत फरक काय, पॉलिश केल्यावर वजन किती घटतं, यंदा कंद कुजण्याचा रोग किती. मला हळदीतलं भाजीत टाकण्यापलीकडे काही कळत नाही, तरी मी पॉलिशवर पंधरा मिनिटं बोललो. चतुराबाई एकटक शिलाकडे बघत होत्या आणि शिला एकटक पुरणपोळीकडे. पोळी कुणीही पूर्ण खाल्ली नाही, राणी सोडून. (बघ, इथे एक्स-वाला.)

निघताना सटवाजीमामांनी हात जोडले आणि म्हणाले, "पोरगं वाईट न्हाई हो आमचं."

मी म्हणालो, "आमी तरी कुठं वाईट म्हणून राहिलो? नशिबाचा भाग असतो."

त्यांनी मान डोलावली आणि ते गेले. पिशवी तशीच परत नेली. नंतर कळलं की त्यात शिलासाठी साडी होती. काही गैरसमज असेल तर तिथेच मिटेल, या आशेवर चतुराबाईंनी ती आणली होती.

संध्याकाळी तुझा फोन आला. तुला पुसेगावाहून कळलं होतं की आम्ही मुलाला सोडून दिलं. मला वाटत होतं मुलाने आम्हाला सोडून दिलं. तू मला म्हणालास की बहिणीच्या लग्नात असा मोठेपणा मिरवणारा माणूस मी पाहिला नाही. मी तुला म्हणालो की असली स्थळं आपल्या घरीच ठेवत जा. पुढे आपण दोघं जे बोललो ते वहिनींनी वाचू नये म्हणून लिहीत नाही. फोन कुणी कापला हे मला आठवत नाही, पण तू कापला असं आपण धरून चालू.

शिलाने त्या रात्री एवढंच म्हटलं, "राणीमुळं असंल." दुसऱ्या दिवशी ती मशीनवर बसली आणि एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्या लावल्या. पंधरा वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. मी पुढच्या खोलीत मुलांना म्हणत होतो, डोळे पडद्यावर, बोटांकडे बघू नका, आणि मी स्वतः सारखा पडद्यामागे बघत होतो. रडली असती तर मला समजूत घालता आली असती. ती रडत नव्हती. ती राणीचं दप्तर शिवत होती, केस विंचरत होती, आणि तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ जवळ घेऊन बसत होती, जसं काही तिनेच लेकराचं काहीतरी नुकसान केलं. ते मला बघवत नव्हतं.

अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी दुपारी शिला पडद्याबाहेर आली, माझ्या टेबलावरून माझा फोन उचलला आणि म्हणाली की मी स्वतः विचारते. मी म्हणालो की बायकांनी असं स्वतः विचारलेलं बरं दिसत नाही. ती म्हणाली की पुरुषांनी हळदीवर बोललेलं फार बरं दिसलं का? ती आत गेली. मी पडद्याला लागून उभा राहिलो. (पडदा बघत होतो, धुवायला झाला का ते.)

ती म्हणाली, "लेकीमुळं न्हाई म्हणून राहिले असाल तर सरळ सांगा. मला राग येणार न्हाई. फक्त कारण काय ते कळू द्या, मी पुढं त्याच्यावर विचार करत बसणार न्हाई."

मग शांतता. मला वाटलं फोन कटला. पण फटीतून दिसलं, शिला फोन कानाला लावून उभी होती, आणि चेहऱ्यावर घाई अजिबात नव्हती. पलीकडे तो माणूस एक एक शब्द बाहेर काढत होता आणि ती प्रत्येक शब्दासाठी थांबत होती. मी असतो तर मधेच त्याचं वाक्य पुरं करून टाकलं असतं, तुला माझी सवय माहीत आहे. ती थांबली. चार-पाच मिनिटं झाली असतील. मग ती म्हणाली, "आमी? आमी कधी न्हाई म्हटलं?" आणखी थोडा वेळ. मग तिने पडदा बाजूला केला आणि माझ्याकडे पाहिलं. हातातल्या फोनवर माझंच लेटरहेड होतं.

मी गच्चीवर पाण्याची टाकी भरली का ते बघायला गेलो.

टाकी भरली होती. पण मी अर्धा तास वरच थांबलो. खाली आलो तेव्हा शिलाने कपाटाखालची डिक्शनरी काढून ठेवली होती. (ती मी सेकंड हँड घेतली होती. कपाटाचा एक पाय आखूड आहे, त्यासाठी.) मी चष्मा लावून बसलो. आधी एक्स-वाला पाहिला. मग सी-वाला पाहिला. मग पुस्तकाचं साल पाहिलं, म्हटलं जुनी असेल, अर्थ बदलला असेल. अर्थ बदललेला नव्हता. शिला समोर उभी होती. मी तिला म्हणालो की छपाईची चूकही असू शकते. ती म्हणाली, "दादा, छापलं कुणी?"

आणि मग मला दुसरंच काहीतरी आठवलं. वीस वर्षं मी लोकांचे अर्ज टाईप करून राहिलो. निराधारांचे, विहिरीचे, बदलीचे, शाळेच्या प्रवेशाचे. प्रत्येकाच्या शेवटी, आपण माझा अर्ज स्वीकारावा ही विनंती, हे वाक्य मी इंग्रजीत एक्स-वाल्यानेच मारलेलं आहे. म्हणजे वीस वर्षं मी हजारो गरीब माणसांच्या वतीने साहेबांना लिहून देत होतो की कृपया सगळ्यांचे अर्ज घ्या, माझा सोडून. निकाल लागलेल्या अर्जाची झेरॉक्स लोक मला आणून देतात, त्या जुन्या फायली काढून बसलो. आणि काय सांगू जळबा, बहुतेक सगळे अर्ज मंजूर झालेले. एकावर तर एका साहेबाचा लाल शाईतला शेरा होता, आणि तोही एक्स-वाल्याने. म्हणजे मी चुकीचं मागत होतो, साहेब चुकीचं देत होता, आणि माणसाला त्याची विहीर बराबर मिळत होती. माझ्या इंग्रजीने वीस वर्षांत कुणाचं नुकसान केलं नाही. केलं ते घरच्याच माणसाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच पुसेगावला निघालो होतो, डिक्शनरी पिशवीत घेऊन. शिला म्हणाली की तुझ्यावर सोडलं तर तू तिथे आणखी काहीतरी छापून येशील. ती आणि राणी दोघी सोबत आल्या. एस.टी.त मी माफीचं भाषण पाठ करत होतो, मराठीत. पुसेगावला पोचलो तर सटवाजीमामा अंगणात वाळत घातलेली हळद उलटी-पालटी करत होते. मी भाषण सोडून थेट त्यांच्या पाया पडलो आणि पिशवीतून डिक्शनरी काढून दोन्ही पानं दाखवली. त्यांनी दोन्ही पानं नीट पाहिली, अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि म्हणाले, "एवढ्यासाठी? मराठीत एकच अक्षर लागत होतं ना वं, 'हो' म्हणायला?"

चतुराबाई मात्र सहज सुटू देणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या की कागदाचं ठीक आहे, पण तोंडाने बराबर केलं म्हणालात त्याचं काय. मी सांगितलं की मला वाटलं उत्तमराव स्टँडवर आहेत. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडून राहिल्या. त्या हसत होत्या. म्हणाल्या, दोन तास हळद ऐकली मी तुमची, काहीबी माहिती न्हाई तुमाला हळदीतली.

उत्तम मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. आम्ही आलेलो त्याला कळलं होतं, पण हातातली मोटार खाली ठेवून बाहेर येईपर्यंत त्याला वेळ लागला. शिला सगळ्यांसमोर त्याला म्हणाली की कागदाचा विषय मिटला, आता मला तोंडी सांगा. माझी लेक माझ्यासोबत राहील. दर उन्हाळ्यात मामाकडे जाईल, पण राहील माझ्यासोबत. हे चालेल का?

उत्तमने ओठ हलवले, पहिलाच शब्द अडकला. मला त्याचं उत्तर पुरं करायचा भयंकर मोह झाला, मी जिभेला दाताखाली धरून ठेवलं. उत्तमने राणीकडे पाहिलं, मग शिलाकडे.

"राणीला स-सोडून न्हाई," तो म्हणाला. "राणीस-स-सकट."

चतुराबाई आत गेल्या आणि ती कापडी पिशवी घेऊन बाहेर आल्या. राणीने शेडमध्ये जाऊन सगळ्या मोटारी मोजल्या, एकोणीस निघाल्या, आणि तिने उत्तमला विचारलं की तुम्ही मोटारी भरता म्हणजे त्यात पाणी भरता का? त्याने तिला तांब्याच्या तारेचं एक वेटोळं हातात देऊन काहीतरी समजावलं. त्याला अर्धा तास लागला. तिला कंटाळा आला नाही. ती बसभर आम्हाला कॉइल म्हणजे काय ते सांगत होती.

तर जळबा, चौदा एप्रिलची धामधूम आटोपली की मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, आपल्या जवळा बाजारच्या विहारात लग्न ठरलं आहे. पत्रिका मराठीत आहे. मजकूर शिलाने लिहिला, सटवाजीमामांनी तपासला, मला फक्त कागद कापायला दिला होता. तुझ्या स्थळाबद्दल आणि तुझ्याबद्दल मी फोनवर जे काही बोललो, ते सगळं मागे घेतो. पोरगं खरंच लाखात एक आहे. वहिनींना, सूनबाईंना नमस्कार, नातवाला पापा. आणि शेजारच्या बायांनाही नमस्कार, एवढा वेळ बसल्या.

तुझाच,
रविंद्र

ता. क. गुडघ्यामुळे येता येत नाही असं कळवू नकोस. चार दिवस आधी ये. सतरंज्या, मांडव आणि आचारी हे तू बघायचं आहे, पाहुण्यांशी बोलायचं कामही तुझ्याकडे. मला उभयपक्षी गप्प राहण्याची अट घातलेली आहे.

दुसरा ता. क. मी इन्स्टिट्यूटमध्ये रोज डिक्शनरीचं एक पान वाचायला सुरुवात केली आहे. मुलांनाही आता शब्दाचा अर्थ विचारतो. दोन मुलं त्यामुळे दुसऱ्या इन्स्टिट्यूटला गेली, पण नवीन तीन आली, म्हणजे नफ्यातच आहे. कपाटाखाली वीट लावली.

तिसरा ता. क. हे वहिनींनी मोठ्याने वाचू नये. शिला आणि राणी आज लग्नाच्या खरेदीला गेल्या आहेत. पत्र लिहायला बसलो तेव्हापासून मागच्या खोलीतलं मशीन बंद आहे, आणि मी तीनदा उठून बघून आलो की काय झालं. काही झालेलं नाही. मे महिन्यापासून असंच राहणार, म्हणून सवय करून बघतोय, जमून नाही राहिलं. तुला आठवत असेल, तू माझ्या लग्नाचा विषय दोनदा काढला होतास. एकदा बाबा गेल्यावर, आणि एकदा शिला-राणी माझ्याकडे यायच्या आधी. दोन्ही वेळा मी तुझं बोलणं तोडलं आणि चहा मागवला. आता माझं वय सत्तेचाळीस आहे, स्वतःची भाकरी स्वतः थापतो, दात सगळे माझे आहेत. तुझ्या ओळखीत कुणी असेल, एकटी असेल, लेकराबाळासकट असेल तरी, तर ये तेव्हा तो विषय तिसऱ्यांदा काढून बघ. मी चहा मागवणार नाही.